शनिवारचा आवाज

सेजलचा फोन चालू असतानाच शर्मिलाचा आवाज तिच्या बाजूने निघून गेला.

महाडच्या बाजारपेठेत शर्मिला एका हातात कोथिंबिरीची जुडी आणि कानाला मोबाईल धरून उभी होती, आणि मागून टपावर भोंगा बांधलेली रिक्षा आली. भोंग्यातली बाई भलतीच आनंदात होती. लग्नाचा बस्ता बांधायचा तर कुठे बांधायचा हे ती साऱ्या पेठेला ठासून सांगत होती, आणि 'या, या, या' म्हणताना शेवटच्या 'या'ला असा हेल काढत होती की ऐकणाऱ्याला वाटावं, हिला आयुष्यात कसली ददात नसणार. शर्मिलाने चटकन मोबाईलवर तळहात ठेवला, पण पुढे टेम्पोतून गोणी उतरवत होते, म्हणून रिक्षा तिथेच अडकून पडली आणि भोंग्यातल्या बाईने बस्त्याचं पुराण पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. पलीकडून सेजल हसली. "ताई, ही तुम्हीच ना? नाही म्हणू नका." शर्मिला म्हणाली, "जुनं आहे ग ते." "जुनं असो नाहीतर नवं, आमच्या लीगलवाल्यांना काही फरक पडत नाही. सोमवारी ॲग्रीमेंट साइन करायचंय. त्याआधी सगळं उतरवून टाका. गाडीवरचं, दुकानातलं, क्लासचं, सगळं." मग जरा थांबून, घाईघाईने, "आणि वरच्या वाडीतलं पण." एवढं बोलून तिने 'ओके ना, ताई?' केलं आणि फोन ठेवला. रिक्षा हलली. शर्मिला आपल्याच आवाजाच्या पाठीकडे बघत उभी राहिली. कोथिंबीरवाली म्हणाली, "सुट्टे नाहीत का, ताई?" तेव्हा कुठे तिला आपण कोथिंबीर घेतलीय हे आठवलं.

वरच्या वाडीतलं पण. हे वाक्य घेऊन ती घरी आली. खरं म्हणजे सेजलने हे सांगावं यात एक गंमत होती, आणि गंमत कळूनही हसू येत नव्हतं. वरची वाडी म्हणजे पोलादपूरच्या डोंगरातली पंचवीस-तीस घरांची वस्ती. कागदोपत्री तिला दुसरं नाव आहे, पण ते एसटीच्या कंडक्टरलाही ठाऊक नाही. सेजलचं घर त्याच वाडीतलं. बाप मुंबईत नोकरीला, ही जन्मली मुंबईत, शिकली मुंबईत, आणि गोष्टी ऐकवणाऱ्या एका कंपनीत लागली. मोबाईलवर रात्री झोपताना लोक गोष्टी ऐकतात, त्यांची कंपनी. मागच्या शिमग्याला ती पालखीला म्हणून गावी आली आणि शनिवारी संध्याकाळी शाळेवरच्या भोंग्यातून तिने शर्मिलाला ऐकलं. तिथल्या तिथे रेकॉर्ड करून तिने ते मुंबईला पाठवलं आणि तिकडच्या मोठ्या माणसांनी म्हणे ते तीनदा ऐकलं. असा आवाज आम्ही दोन वर्षं शोधत होतो म्हणाली. घरचा आवाज. आणि आता जिथून तो आवाज उचलला, तिथूनच तो आधी बंद व्हायला हवा होता. विहीर सापडली म्हणून गावाने पाणी भरायचं थांबवायचं, असा काहीतरी तो न्याय होता. पण शर्मिलाला चिडायचाही कंटाळा आला होता.

कंटाळा घशापासून सुरू झाला होता. गेल्या दिवाळीनंतर तिचा आवाज सकाळी उठल्यावर लागेना. आधी सर्दी म्हणून सोडून दिलं. मग हळद-मीठ झालं, ज्येष्ठमध झालं, नवऱ्याच्या, म्हणजे राजेंद्रच्या मावशीने सवच्या गरम पाण्याच्या कुंडातलं पाणी बाटलीत भरून गुळण्यांसाठी पाठवलं, तेही झालं. शेवटी माणगावच्या डॉक्टरने नळी घालून घशात पाहिलं आणि म्हणाला, तुम्ही आवाजाला पिळून काढलाय. त्याला विश्रांती द्या. एका सुरात, हळू, शांत बसून बोला. नाटकं करू नका. नाटकं हा शब्द त्याने सहज वापरला होता. पण शर्मिला घरी येईपर्यंत त्याच शब्दापाशी घुटमळत राहिली, कारण गेली पंधरा वर्षं ती दुसरं काही करतच नव्हती.

पंधरा वर्षांपूर्वी पहिला अडून बसला तो बस्त्याच्या दुकानाचा मालक. त्याची जाहिरात रेकॉर्ड करून दिली आणि आठ दिवसांत समोरच्या दुकानवाल्यानेही तिला बोलावलं. तर हा घरी आला, चहा प्यायला, आणि म्हणाला, "बाई, आमच्या दुकानाच्या आवाजात समोरच्याच्या साड्या विकल्या तर गिऱ्हाइकाचा घोटाळा होईल. तुम्ही आमच्याच राहा." आमच्याच राहा. जणू घरात सून आणली होती. वर्षातून दोनदा जाहिरात देणार आणि बारा महिने तिने त्याचं असावं ही अपेक्षा. शर्मिलाने मान डोलावली, आणि समोरच्याची जाहिरात आवाज खाली नेऊन, नाकातून, जरा ठसक्यात करून दिली. कुणाला पत्ता लागला नाही. मग हीच वहिवाट पडली. क्लासवाल्या सरांना वाटे, ही धीरगंभीर बाई फक्त आपली. दागिन्यांच्या पेढीला वाटे, ही लाडिक बाई फक्त आपली. निवडणुकीत तर एकाच वॉर्डातले दोघे उमेदवार तिच्याच आवाजात एकमेकांवर चिखलफेक करत होते, आणि दोघांनीही तिच्याकडून वचन घेतलं होतं की दुसऱ्यासाठी बोलणार नाही. राजेंद्र जेवताना दोन्ही भोंगे ऐके आणि म्हणे, "आज तू स्वतःला बरंच काय काय बोललीस." तेव्हा हसू यायचं. प्रत्येकाला एकेक बाई करून द्यायची आणि प्रत्येकाला वाटू द्यायचं की ती त्याचीच. यात कसब होतं आणि ते तिला आवडायचं. मग कधीतरी त्या बाया जास्त झाल्या. दुपारी फोन वाजला की हॅलो म्हणण्याआधी समोर कोण आहे हे बघून ठरवावं लागे, कोणती बाई पुढे करायची. एकदा पेढीवाल्याशी ती क्लासच्या आवाजात बोलली आणि तो चाचरत म्हणाला, "राँग नंबर लागला वाटतं."

यातली कोणतीच बाई वरच्या वाडीत नव्हती. आणि सेजलच्या कंपनीला नेमकी तीच हवी होती. पेढीची नको, क्लासची नको. शर्मिलाने आपलं नेहमीचं हत्यार काढून पाहिलं होतं. तुम्हाला मी नवीन, त्याहून गोड आवाज करून देते म्हणाली होती. सेजल म्हणाली, "नको ताई, केलेला नकोय. तोच." त्या बदल्यात ते जे देणार होते ते आठवलं की शर्मिलाच्या खांद्यातला ताण आपोआप उतरे. एकच गिऱ्हाईक. एकच आवाज, हळू, शांत बसून. सकाळी दोन तास गोष्ट वाचायची, बास. रेकॉर्डिंगमध्ये बाहेरचा आवाज येऊ नये म्हणून अंगावर गोधडी घेऊन, पंखा बंद करून, घामाने निथळत 'या, या, या' ओरडायचं नाही. कुणाची नजर चुकवायची नाही, कुणाला खोटं सांगायचं नाही. डॉक्टरने जे सांगितलं तेच कंपनी करारात लिहून देत होती. राजेंद्र एमआयडीसीतली पाळी करून येतो, कमी बोलतो, पण त्यानेही परवा म्हटलं, "घे ग ते. रात्री तू झोपेत खाकरतेस, मला जाग येते." त्याच्या या म्हणण्यात तक्रार नव्हती, काळजी होती. तिला ते कळलं, म्हणून तिने सेजलला हो म्हटलं. जीव खरोखर थकला होता.

हो म्हणण्याआधी तिने सेजलला एक विचारून ठेवलं होतं. वीस मार्चला चवदार तळ्यावर लाखाने माणूस येतो. कुणाची म्हातारी हरवते, कुणाचं पोर, आणि मंडपातल्या माईकवरून शर्मिला सांगत असते, अमक्या गावची अमकी, तुमचे लोक तळ्याच्या या बाजूला उभे आहेत, घाबरू नका, हललात तर चुकामूक होईल. नववीत असल्यापासून सांगते आहे. त्याचं काय? सेजलने आत विचारून कळवलं की नुसत्या माईकचा प्रश्न नाही, लोक व्हिडिओ करतात, तो सगळीकडे फिरतो, तर तेही शक्यतो नको. शक्यतो हा शब्द सेजलने आपल्या पदरचा घातला असावा. तो दिवस अजून वर्षभर लांब होता, म्हणून शर्मिलाने विषय वाढवला नाही. पण नंतर एकदा संध्याकाळी ती तळ्याच्या कट्ट्याजवळून येत होती. पाण्यावर ऊन उतरलं होतं, पायरीवर दोन पोरी आईस्क्रीम खात बसल्या होत्या, आणि तिच्या मनात आलं, ही जागा कुणा एकाची नाही एवढंच सांगायला इथे माणसं येतात, आणि आपण इथे उभं राहून तोंड मिटून घ्यायचं, कारण आवाज एकाला दिला आहे. हे तिला धड मांडता येईना. मांडलं असतं तर भाषण झालं असतं, आणि भाषणाचा तिला तिटकारा होता. ते तसंच घशात राहिलं.

आज जेवून ती जाहिराती उतरवायच्या कामाला लागली. क्लासवाले सर म्हणाले, बघू, सुट्टी संपल्यावर. पेढीवर मालक नव्हता. बस्त्याचा मालक म्हातारा झाला होता, गादीवर लोडाला टेकून पंख्याखाली बसला होता. सगळं त्याने ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे यापुढे तुम्ही आमच्या नाही." शर्मिला म्हणाली, "नाही." "आणि समोरच्याच्या?" म्हणजे याला सगळं ठाऊक होतं. किती वर्षं? "समोरच्याच्या पण नाही," ती म्हणाली. "मग हरकत नाही," म्हातारा म्हणाला आणि त्याने गड्याला रिक्षावाल्याला फोन लावायला सांगितला. निघताना त्याने तिला एक ब्लाउजपीस दिला, माहेरी जाणाऱ्या बाईला देतात तसा. बाहेर पडली आणि पहिल्यांदा तिला वाटलं, ही पंधरा वर्षं आपण यांना फसवलं की यांनी आपल्याला फसू दिलं. आणि ती तडक एसटी स्टँडवर आली, कारण आज शनिवार होता. वाडीचं काम करायचं तर आजच.

पोलादपूरची गाडी मिळाली. खिडकीतून गरम वारा येत होता, आणि हायवेच्या कडेला कलमी आंब्यांच्या पेट्या मांडून माणसं पेंगत बसली होती. तिने मोबाईलमध्ये सेजलने पाठवलेली फाईल उघडून कानाला लावली. कंपनीने मोठ्या मनाने वाडीसाठी नवा आवाज करून दिला होता, मशीनचा. शब्द सगळे शर्मिलाचेच. उच्चार स्वच्छ, श्वास कुठे नाही, खाकरणं नाही. शर्मिलाने दोनदा ऐकलं आणि तिला खोट काढता येईना. या बाईचा घसा कधी बसणार नाही, हिला कधी कुणी आमचीच राहा म्हणणार नाही, म्हटलं तरी हिचं काही बिघडणार नाही. तिला त्या मशीनचा हेवा वाटला. मग तिने डोळे मिटले आणि जे टाळत होती ते आपसूक समोर आलं. तो शब्दांचा कागद तिने लिहिला त्या दिवसाचा पाऊस, आणि बुद्धरत्न.

बुद्धरत्न तिचा धाकटा भाऊ, वरच्या वाडीतल्या शाळेवर मास्तर. पलीकडच्या डोंगरात दरड कोसळून एक वस्ती गेली, त्यानंतर तालुक्याने वाड्यावाड्यांत भोंगे बसवले आणि धोक्याची सूचना वाजवायला एक रेकॉर्डिंग दिलं. सर्व नागरिकांना सूचित करण्यात येते की. पहिल्याच रात्री बुद्धरत्नने ते वाजवलं आणि वाडीतलं एकही माणूस उठलं नाही. सकाळी विचारलं तर म्हणाले, आम्हाला वाटलं रेशनचं काहीतरी हाय. तो तसाच भिजत महाडला आला आणि म्हणाला, ताई, आईसारखं बोल. एवढंच म्हणाला. त्यांची आई, काशीबाई, जाऊन तेव्हा वर्ष झालं नव्हतं. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी उभी राहून ती पोरांना हाका मारायची; ओरडायची नाही, पण हाक तीन गल्ल्या ओलांडून यायची आणि हातातला डाव टाकून उठावं लागायचं. शर्मिलाने तोवर कुठल्याच गिऱ्हाइकाला तो आवाज दिला नव्हता. आपल्यात तो आहे हेही तिला माहीत नव्हतं. बुद्धरत्नच्या मोबाईलवर, गोधडीबिधडी न घेता, तिने एकदाच म्हटलं. उठा गो बायांनो, उठा रे. माती हालतेय. शाळेच्या अंगाला चला. गुरांची दावी सोडा. म्हातारीला हात द्या. भांडीकुंडी ऱ्हाऊ द्या. मागं वळून बघू नका, चला. संपल्यावर बुद्धरत्न भिंतीकडे तोंड करून उभा होता. दोघांनी ते पुन्हा ऐकलं नाही.

वाडीच्या पायथ्याशी बुद्धरत्न मोटारसायकल घेऊन आला होता. "जय भीम, ताई," म्हणाला आणि पाण्याची बाटली पुढे केली. वर जाताना ती त्याच्या पाठीमागून सगळं सांगत राहिली, घसा, डॉक्टर, करार, सोमवार. चढावर गाडीचा आवाज मोठा होता, निम्मं त्याला ऐकू गेलं नसेल. शाळेपाशी उतरल्यावर त्याने चावी खिशात टाकली आणि म्हणाला, "तुला बरं वाटणार असेल तर काढू. लोकांना मी समजावतो." भांडला असता तर तिला बरं वाटलं असतं. पण तोही थकलेला दिसत होता. शाळा, जनगणना, भोंगा, सगळं त्याच्याच गळ्यात. "फक्त आज शनिवार आहे," तो म्हणाला. "आजच वाजवून बघू. लोकांना सवय व्हायला पाहिजे." दर शनिवारी दिवस मावळायच्या आत भोंगा गंजू नये म्हणून तो वाजवतात, आणि रंगीत तालीम म्हणून सगळी वाडी शाळेपर्यंत चालत येते. हा नियम त्यानेच घालून दिला होता. त्यात वाडीने आपल्या परीने एक भर घातली. माणसं जमतातच आहेत तर गुरांचं पाणी आणि पेंड शाळेच्या मागेच ठेवावी, असं कुणाच्या तरी डोक्यातून निघालं. दोन महिन्यांत गुरांनी ते पाठ केलं. आता भोंगा वाजला की डोंगरात चरणारी गुरं आपापली खाली येतात. म्हणजे गुरांची दावी सोडा असं शर्मिला सांगते आणि गुरं दाव्याला बांधून घ्यायला येतात. बुद्धरत्न हे फोनवर सांगताना हसून लोळला होता. हे जगात कुठल्या वाडीत झालं नसेल. तालुक्याच्या साहेबांना त्याने अजून सांगितलं नव्हतं.

सेजलची आजी तुळसा शाळेला लागूनच असलेल्या घराच्या उंबऱ्यात बसली होती. ऐंशीच्या घरातली, वाकलेली, कानाने मंद. तिने शर्मिलाला ओळखलं, बस म्हणाली, आणि सुनेला हाक मारून पाणी मागवलं. लोटीभर पाणी आलं. शर्मिला ते प्यायली. बुद्धरत्न इथे नवा आला तेव्हा याच घरात त्याला ओंजळ करायला सांगून वरून पाणी ओतलं होतं. त्याने ते घरी सांगितलं नव्हतं, शर्मिलाला बऱ्याच वर्षांनी कळलं होतं. ती फार जुनी गोष्ट नव्हती आणि आज लोटी हातात आली होती, याचं काय करायचं हे शर्मिलाला कधी ठरवता आलं नाही. विसरावी इतकी ती लहान नव्हती, आणि उकरून काढायला आता ताकद नव्हती. तिने लोटी खाली ठेवली. तुळसा म्हणाली, "माझी सेजल फोन करते का गो तुला?" "करते, आजी. सकाळीच केला होता." "काय म्हनं?" शर्मिला म्हणाली, "तुमची चौकशी करते." त्या घरात बसून तिला याहून खरं काही सांगावंसं वाटलं नाही.

बुद्धरत्नने अंगणात जमलेल्या चार माणसांना सांगितलं की आजपासून आवाज बदलतोय, शब्द तेच आहेत, आवाज आला की नेहमीसारखं निघायचं. माणसं हो म्हणाली. तो आत गेला. भोंगा खरखरला आणि डोंगराच्या अंगावर मशीनची बाई बोलू लागली. उठा गो बायांनो, उठा रे. शब्दन् शब्द बरोबर होता. 'गो' अगदी शिकवल्यासारखा गोड होता. माणसं उठायची म्हणून उठली आणि एकमेकांकडे बघत उभी राहिली. लग्नात भटजींनी चुकून दुसऱ्याच नवरदेवाचं नाव घ्यावं तशी त्यांची तोंडं झाली. वर सड्यावर गुरं दिसत होती. एका तांबड्या गाईने मान वर केली, ऐकलं, आणि पुन्हा खाली घातली. तुळसा उंबऱ्यातून हललीच नाही. तिला ऐकू आलं होतं, कारण तिने सुनेला विचारलं, "कुठली गो ही?" भोंगा थांबला. बुद्धरत्न दारात येऊन उभा राहिला, आणि त्याने शर्मिलाकडे पाहिलं.

होईल सवय, असं म्हणायला तिने तोंड उघडलं होतं. पण पावसाळा महिन्यावर आला होता, हे तिथे उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. सवय व्हायला किती शनिवार लागतील, आणि माती तेवढे शनिवार थांबेल का? तिला सुटकेची एक वाट दिसली आणि तिने झडप घालून ती धरली. रेकॉर्डिंग नको, आपण स्वतः हाक मारू. तोंडाने मारलेली हाक कुठल्या करारात येते? पावसाळ्यात इथे येऊन राहू, काय वाटेल ते करू. ती शाळेच्या पायरीवर चढली आणि तिने हाक मारली. उठा गो बायांनो. पहिल्याच शब्दाला घसा फाटला. खालून एक खर आणि वरून एक चिरका सूर निघाला. तिने खाकरून पुन्हा मारली. बस्त्याच्या 'या'चा हेल त्यात कुठून तरी घुसला, पेढीचा लाडिकपणा घुसला, क्लासची बाई घुसली, सगळ्या जणी एकदम तोंडाशी आल्या, आणि त्यांच्यात काशीबाई कुठेच नव्हती. वर गाई चरत होत्या. माणसं भिडेखातर दोन पावलं चालली आणि थांबली. शर्मिला थांबली. तिला रडू आलं नाही. एवढंच कळलं की तो आवाज आता आपल्याकडे नाही. सोमवारी जो एकाला द्यायचा म्हणून आपण गावभर फिरलो, तो द्यायला आपल्यापाशी शिल्लकच नव्हता. तो इथे होता, भोंग्यात, आणखी कुठे नाही.

तुळसाने उंबऱ्यातून हात हलवला. शर्मिला जवळ गेली. म्हातारी तिच्याकडे मान वर करून बघत म्हणाली, कठोरपणे नाही, समजूत घातल्यासारखं, "तू नको गो. तिला लाव." तिने काठीचं टोक भोंग्याकडे केलं. "ती आमची हाय," तुळसा म्हणाली. "तुझ्या बाकीच्या तू ने."

आमची. पंधरा वर्षं हा शब्द ऐकून शर्मिलाचे कान किटले होते. जो तो आमचीच राहा म्हणत आला होता. पण ही म्हातारी तिला राहा म्हणत नव्हती. तिला शर्मिला नकोच होती. ज्या घरात तिच्या भावाच्या ओंजळीत वरून पाणी पडलं होतं, त्या घरात काशीबाईची हाक आत येऊन राहिली होती आणि घरच्यांनी तिला आपली म्हटलं होतं, आणि ती परत द्यायला ते तयार नव्हते. शर्मिलाला हे बरं वाटलं की नाही, सांगणं कठीण आहे. मोकळं वाटलं, एवढं खरं. तिने मागे वळून बुद्धरत्नला मान हलवून खूण केली.

भोंगा खरखरला. उठा गो बायांनो, उठा रे. बुद्धरत्नच्या मोबाईलमधला त्या दिवसाचा पाऊस आवाजाच्या मागे बारीक ऐकू येत होता. सड्यावरच्या गाईंनी माना उचलल्या आणि उतार धरला. बाया घराघरांतून बाहेर पडल्या, एकीच्या हाताला पीठ होतं. शेजारचा माणूस बोलता बोलता बिडी टाकून उठला. शर्मिलाच्या हातातला मोबाईल वाजू लागला. सेजल होती. शर्मिलाने तो कानाला लावला. "ताई, वाडीतलं झालं का? मला आजच मेल करायचाय—" आणि ती थांबली, कारण भोंगा डोक्यावरच होता. गुरांची दावी सोडा. म्हातारीला हात द्या. शर्मिला म्हणाली, "हे मी काढणार नाही, सेजल. बाकी सगळं काढेन. हे राहील." सेजल म्हणाली, "ताई, मग सोमवारचं होणार नाही. मी काहीच करू शकणार नाही." "माहीत आहे मला," शर्मिला म्हणाली. उद्यापासून पुन्हा बस्ता, पुन्हा पेढी, पुन्हा गोधडी. घसा आत्ताच दुखत होता. माणगावच्या डॉक्टरला काय सांगायचं, राजेंद्रला काय सांगायचं, हे सगळं तिला दिसत होतं आणि तरी ती फोन धरून उभी होती.

पलीकडे सेजल ऐकत होती. भोंगा पुन्हा पहिल्यापासून सुरू झाला. मग ती बोलली, आणि तिच्या बोलण्यातलं ऑफिस गळून पडलं होतं.

"आजी निघाली का?"

शर्मिलाने खाली पाहिलं. तुळसाने काठी भिंतीला टेकवून ठेवली होती. भोंग्यातली बाई सांगते तसा कुणीतरी हात द्यायचा असतो, म्हणून ती आपला हात पुढे करून थांबली होती.

"निघाली," शर्मिला म्हणाली, आणि फोन दुसऱ्या हातात घेऊन तिने तुळसाला उठवलं.